वाचकांचे प्रश्न : जुन्या राजधानीच्या वाटेवर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आमच्या विशेषांकात हैदराबाद शहरावर एक छोटे टिपण छापले होते. आसफजाही दरबार १७६३ मध्ये औरंगाबादहून हैदराबादला हलला, तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होईपर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबाद हीच होती. त्या शहरातील अनेक वास्तू आणि संस्था आपल्याही इतिहासाचा भाग आहेत आणि मराठवाड्यातील माणसाने त्या पाहुण्यासारख्या पाहू नयेत, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही माहिती विचारणारी आहेत, काही रागाची आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नववीच्या मुलांची सहल दोन दिवसांसाठी हैदराबादला न्यायची आहे. चारमिनार, गोवळकोंडा आणि फिल्मसिटी एवढे दरवर्षी ठरलेलेच असते. मराठवाड्यातील मुलांना याशिवाय काय दाखवावे? (माध्यमिक शिक्षक, परभणी)

फिल्मसिटीत पूर्ण दिवस जातो. तो दिवस वाचवता आला तर अवश्य वाचवावा आणि त्यातील निदान अर्धा दिवस मुसी नदीच्या काठासाठी ठेवावा, अशी आमची कळकळीची सूचना आहे. नयापुलाच्या परिसरातून दोन्ही तीर मुलांना दाखवावेत. दक्षिण तीरावर गुलाबी दगडाची, घुमटांची उच्च न्यायालयाची इमारत आहे आणि तिच्याजवळच सिटी कॉलेज आहे. उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय आणि अफजलगंजचे मोठे ग्रंथालय आहे. एका नदीच्या दोन काठांवर न्यायालय, शाळा, दवाखाना आणि ग्रंथालय अशी मांडणी कशी झाली, हा प्रश्न मुलांना तेथेच विचारावा.

त्याचे उत्तर २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात आहे. त्या दिवशी मुसीने शहराचा मोठा भाग धुऊन नेला आणि पंधरा हजारांच्या आसपास माणसे दगावली, असे सांगितले जाते. रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. त्याच्या फांद्यांना धरून दीडशे माणसे वाचली, ही आठवण त्या शहराने जपलेली आहे. सहलीत मुलांना ते झाड दाखवता आले तर पुराचे आकडे सांगण्याची गरजही उरणार नाही. पुरानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या सल्ल्यानुसार मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर धरणे बांधण्यात आली. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि पुराने मोकळ्या झालेल्या काठांवर या सार्वजनिक इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या.

उच्च न्यायालयाची इमारत व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९२० मध्ये वापरात आली. बीड, उमरगा किंवा हिंगोलीच्या पक्षकाराला अखेरचे अपील करायचे असेल तर याच इमारतीच्या पायऱ्या चढाव्या लागत. १९५६ नंतर त्याला मुंबई गाठावी लागली आणि १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ आले, तेव्हा कोठे न्यायालय घराजवळ आले. आज संभाजीनगरच्या खंडपीठाचे नाव मुलांच्या कानावर असते. त्याआधीच्या पिढ्या कोठे जात होत्या, हे त्यांना इमारतीसमोर उभे राहून कळू द्यावे.

अफजलगंजच्या ग्रंथालयाचा जन्म १८९१ मधला. सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने ते ‘कुतुबखाना आसफिया’ या नावाने सुरू झाले आणि १९३६ मध्ये नदीकाठच्या सध्याच्या भव्य वास्तूत आले. आज ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीच्या बरोबरीने तेथे मराठी आणि कानडी ग्रंथांचाही संग्रह आहे, कारण ज्या राज्याचे ते ग्रंथालय होते त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी होते. मुलांना आत नेण्यापूर्वी अर्ज देऊन परवानगी घ्यावी.

चारमिनार तर दाखवावाच. तो १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशहाने बांधला. त्याची प्रत्येक बाजू सुमारे वीस मीटर आहे आणि वरच्या मजल्यावर मशीद आहे. बहुतेक सहली खाली छायाचित्र काढून परततात. त्याऐवजी कमानींच्या वरचे आणि मिनारांवरचे चुनेगच्चीतील फुलांचे काम मुलांना निरखायला लावावे. चारही दिशांची घड्याळे मात्र त्या काळातील नाहीत, ती १८८९ मध्ये बसवलेली आहेत. तेथून थोड्या अंतरावर बादशाही आशुरखाना, म्हणजे मोहरमच्या शोकसभांची वास्तू, आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वास्तूच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या रंगांचे मिना केलेल्या फरश्यांचे काम आहे. १९०८ च्या पुराचे पाणी तेथेही शिरले होते, त्यामुळे भिंतीचा खालचा भाग खराब झाला आणि वरचे मूळ रंग अजून झळाळत आहेत. पूर म्हणजे काय, हे त्या एका भिंतीवर मुलांना वाचता येते. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण सहसा नसते, याचे आम्हांला वाईट वाटते.

प्रश्न : गोवळकोंड्याजवळ कुतुबशाही सुलतानांच्या कबरी पाहिल्या. अखेरच्या सुलतानाची कबर तेथे नाही, असे वाटाड्याने सांगितले. मग ती कोठे आहे? (वाचक, बीड)

ती आपल्याकडे आहे. औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकला आणि अबुल हसन तानाशहाला कैद करून दौलताबादच्या किल्ल्यात आणले. ज्या चिनी महालात तो ठेवला गेला, तो आजही किल्ल्यात दाखवतात. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे थोडे अवशेष उरले आहेत. तो कैदेतच वारला आणि खुलताबादला त्याचे दफन झाले. छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले असता भागानगरला ज्याला भेटले तो सुलतान हाच; मादण्णा आणि आकण्णा हे त्याचेच कारभारी. विशेष म्हणजे हैदराबादच्या पुढच्या घराण्याचा मूळ पुरुष, म्हणजे पहिला निजाम आसफजहा, यालाही १७४८ मध्ये खुलताबादलाच मूठमाती मिळाली. एका राजधानीच्या एका घराण्याचा शेवटचा आणि दुसऱ्या घराण्याचा पहिला, असे दोघे वेरूळजवळच्या एका लहान गावात विसावले आहेत. हैदराबाद पाहून आलेल्याने खुलताबादला जावे आणि खुलताबाद पाहिलेल्याने गोवळकोंड्याला.

प्रश्न : सालारजंग संग्रहालयात मुलांना घेऊन गेले होते. तासाभरातच सगळे दमले आणि काय पाहिले ते कोणालाच आठवेना. नेमके काय पाहावे? (गृहिणी, नांदेड)

एवढा मोठा संग्रह एका फेरीत पाहून होत नाही, म्हणून दमणे स्वाभाविक आहे. सुमारे ४३ हजार वस्तू, सुमारे ९ हजार हस्तलिखिते आणि त्याहून कितीतरी अधिक छापील पुस्तके, असा हा साठा आहे. त्यातील मोठा भाग मीर युसुफ अली खान म्हणजे तिसरे सालारजंग यांनी जमवला. तरुणपणी ते १९१२ ते १९१४ या काळात निजामाचे दिवाण होते. पद सोडल्यावर १९४९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आपली मिळकत वस्तू विकत घेण्यावर खर्च केली. ते अविवाहित होते आणि मागे थेट वारस नव्हता. १९५१ मध्ये त्यांच्याच वाड्यात, दिवाण देवडीत, पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय लोकांना खुले झाले आणि १९६८ मध्ये ते नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले.

पुढच्या वेळी तीनच गोष्टी ठरवून जावे. पहिली म्हणजे वाद्यघड्याळ. तास पूर्ण होण्याच्या आधी घड्याळातील छोटे दार उघडते, दाढीवाला लहानसा पहारेकरी बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो; एक लोहार मात्र प्रत्येक सेकंदाला हातोडी मारीतच असतो. बाराच्या टोल्यांना सर्वांत जास्त गर्दी होते, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर अकरा वाजताच तेथे बसावे. दुसरी म्हणजे बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी रिबेका. पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ मध्ये रोममध्ये खरेदी केली. चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखा संगमरवराचाच आहे आणि त्याच्या आडून नाक, ओठ, पापण्या दिसतात. बाजूने पाहिल्यावर दगड आणि वस्त्र यांतील सीमा कोठे आहे हे शोधावे लागते. तिसरी म्हणजे यशब (जेड) दगडाच्या वस्तूंचे दालन, जेथे जहांगीर आणि नूरजहान यांचे म्हणून ओळखले जाणारे खंजीर आहेत. एवढे पाहून बाहेर पडावे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे निजामकाळात इनाम जमीन होती. तिचे कागद हैदराबादला आहेत असे वडील सांगत. ते कोठे आणि कसे शोधावेत? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

या विषयावर सर्वाधिक पत्रे आली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हैदराबादच्या तारनाका भागात तेलंगणचे राज्य अभिलेखागार आहे. निजामी राजवटीचे दिवाणी आणि मुलकी दफ्तर, निरनिराळ्या खात्यांचा पत्रव्यवहार, सनदा आणि फर्माने तेथे जतन केलेली आहेत. याच अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील सुमारे दीड लाख मोगल कागद आहेत आणि ते मूळचे मराठवाड्याचे आहेत. औरंगाबादच्या किलेअर्कात ते पडून होते. १९१६ मध्ये ते तेथून उचलून हैदराबादच्या दफ्तरात नेण्यात आले. मोगलांचा दख्खनमधील कारभार, त्यांच्या फौजांच्या हजेऱ्या आणि मनसबदारांच्या नेमणुका यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तारनाक्याला जावे लागते. ज्या औरंगाबादेत हे कागद मुळात होते तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्या निदान प्रतिमा घरबसल्या वाचता आल्या पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे आणि दोन्ही राज्यांनी मिळून ते करावे.

आता आपल्या कागदांविषयी. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. १८६५ च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि मोजणी, सारा व नोंदी यांची शिस्त तेथून पुढे हळूहळू लागली. त्यामुळे गावपातळीचे कागद बहुधा तालुक्यात आणि जिल्ह्यातच सापडतात. सुरुवात तहसीलच्या अभिलेख कक्षातून करावी आणि तेथे १९५४-५५ चे खासरा पत्रक पाहावे. इनामाचा वारसा ठरवताना अतियात खात्याकडून, म्हणजे इनामांच्या खात्याकडून, मुंतखब हा वारसा मान्य केल्याचा दाखला दिला जात असे; त्याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या इनाम किंवा अतियात शाखेत विचारावी. हैदराबाद राज्याचा इनामे निर्मूलनाचा कायदा १९५४ चा आहे, तेव्हा त्यानंतर जमीन कोणाच्या नावे लागली हेही तेथेच उलगडते. या कागदांवरून मुंतखबाचा क्रमांक, वर्ष आणि मूळ इनामदाराचे नाव हाती आले की मगच तारनाक्याचा विचार करावा. केवळ आडनाव घेऊन तेथे गेल्यास हाती काही लागत नाही.

भाषेचीही तयारी हवी. १८८० च्या दशकात उर्दू कारभाराची भाषा झाली. त्याआधीचे कागद फारशीत आणि तेही बहुतेक शिकस्ता या घाईच्या वळणात आहेत, जे उर्दू वाचणाऱ्यालाही सहजी लागत नाही. गावचे हिशेब मोडीत असू शकतात. जाणकार वाचक बरोबर न्यावा आणि त्याचा मेहनताना आधी ठरवावा.

कुणबी नोंदींच्या निमित्ताने हैदराबादच्या गॅझेटियरचे नाव अलीकडे घरोघरी पोहोचले आहे आणि त्यात आपल्या आजोबांचे नाव सापडेल अशी आशा काही पत्रांत दिसली. गॅझेटियरमध्ये जिल्ह्याची माहिती आणि जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, कुटुंबांची किंवा व्यक्तींची नावे नसतात. नावाची नोंद शोधायची असेल तर ती महसुली कागदांत, शाळेच्या निर्गम उताऱ्यात किंवा जन्ममृत्यूच्या नोंदवहीतच शोधावी लागते.

प्रश्न : रझाकारांच्या धामधुमीत आमचे गाव जळाले. आजोबा महिनाभर रानात लपून राहिले होते. त्या निजामाच्या हवेल्या आणि महाल पाहायला आम्ही का जावे? आपण त्या वैभवाचे कौतुक का करता? (वाचक, बिलोली तालुका)

आपल्या पत्रातील वेदना आम्ही समजू शकतो. आपल्या तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ मध्ये मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, ते रक्त कोणीही विसरू नये.

चौमहल्ला राजवाड्याच्या खिलवत दालनात एकोणीस झुंबरे आहेत. पुरानी हवेलीत सहाव्या निजामाच्या पोशाखांचे १७६ फूट लांबीचे दुमजली कपाट आहे. या वस्तू पाहताना मराठवाड्याच्या माणसाने एक गोष्ट मनात ठेवावी, की त्यांच्यामागे गोदावरी, पूर्णा, मांजरा आणि तेरणा यांच्या खोऱ्यांतील शेतसारा आहे. धाराशिव भागातील कितीतरी गावे सरफ-ए-खासमध्ये होती आणि त्यांचा वसूल सरळ निजामाच्या खासगी खजिन्यात जात असे. राजधानीत विद्यापीठ, उच्च न्यायालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि शंभर खाटांहून मोठी रुग्णालये उभी राहत असताना आपल्या पाचही जिल्ह्यांत मिळून पदवीपर्यंत शिकवणारे एकही सरकारी महाविद्यालय नव्हते. औरंगाबादला १९२३ पासून होते ते इंटरमिजिएटपुरते. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आले आणि विद्यापीठ १९५८ मध्ये. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आपण १९६० पासूनच्या आकड्यांनी करतो. तिची मुळे किती खोल आहेत हे हैदराबादच्या रस्त्यांवरून चालताना दिसते. म्हणून जावे. कौतुक करायचेच असेल तर ते ज्या कारागिरांनी दगड घडवला त्यांचे करावे.

आणि जाल तेव्हा बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व करून निजामाच्या तुरुंगात राहिलेले स्वामीजी १९७२ मध्ये त्याच शहरात निवर्तले. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्यांच्या शब्दावर शाळा आणि घरदार सोडले, त्यांची समाधी राजधानीतच आहे आणि तेथे मराठवाड्यातून जाणारी माणसे फार थोडी आहेत.

प्रश्न : माझे पणजोबा उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकले होते आणि ‘वंदे मातरम्’मुळे त्यांना काढून टाकले, असे घरात सांगतात. हे खरे असू शकते का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

नक्कीच असू शकते आणि आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा प्रयोग तेथे झाला. त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून गणित, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. देशी भाषेतून विज्ञान शिकवता येते हे त्या प्रयोगाने सिद्ध केले, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु राज्यातील बहुसंख्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती आणि त्यांच्यासाठी उर्दू हीही शिकून घ्यावी लागणारी भाषा होती, हे दुसरे सत्यही तितकेच महत्त्वाचे आहे.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. त्यांना मनाई झाली, ती त्यांनी मानली नाही आणि तीच ठिणगी उस्मानियाच्या वसतिगृहांत जाऊन पडली. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यापुढे शिक्षण संपण्याचीच वेळ होती, पण नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि अनेकांनी तेथून पदव्या घेतल्या. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच. आपल्या पणजोबांची पदवी नागपूरची असेल तर घरातील गोष्टीला मोठा आधार मिळेल. जुन्या पेटीत ते प्रमाणपत्र शोधावे.

विद्यापीठात गेल्यास कला महाविद्यालयाची इमारत सावकाश पाहावी. १९३९ मध्ये पूर्ण झालेल्या या गुलाबी ग्रॅनाइटच्या वास्तूची उंच मध्यवर्ती कमान लांबूनच दिसते. जवळ गेल्यावर खांब पाहावेत. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील स्तंभांची घडण त्यांत उतरवली आहे आणि तिच्यावर इस्लामी धाटणीच्या कमानी पेलल्या आहेत. वेरूळ पाहून गेलेल्या मुलीला ते खांब लगेच ओळखू येतील.

प्रश्न : निजामाचे जडजवाहीर हैदराबादला पाहायला मिळते का? (वाचक, जालना)

मिळत नाही. जेकब हिऱ्यासह १७३ नगांचा तो संग्रह भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतला आणि तो रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत ठेवला आहे. काही वेळा तो सालारजंग संग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडला गेला होता. तो कायमचा हैदराबादला ठेवावा, ही तेथील लोकांची मागणी आम्हांला रास्त वाटते.

प्रश्न : नोकरीनिमित्त मुलगा हैदराबादला स्थायिक झाला आहे. तेथे मराठी संस्था अजून आहेत का? (निवृत्त बँक कर्मचारी, लातूर)

आहेत. कोठी आणि सुलतान बाजार हा त्यांचा जुना परिसर. हा भाग पूर्वी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता आणि १९३३ मध्ये निजामाकडे परत गेला. तोवर निजामाच्या पोलिसांचा हात तेथे सहजी पोहोचत नसे. सभा, शाळा आणि वाचनालये यांना त्या बाजारात श्वास घेता येत असे. म्हणून मराठीच काय, तेलुगू समाजाचे १९०१ मधले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमही तेथेच निघाले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेमागे केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारखी माणसे होती. जुन्या हैदराबाद संस्थानात मराठी माध्यमाचे शिक्षण टिकवण्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. तिची आज महाविद्यालयेही आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादला भरले आणि १९६५ मध्ये वा. ल. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. मराठी साहित्य परिषद आणि तिचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक, तसेच मराठी ग्रंथसंग्रहालय, यांच्याशी आपल्या मुलाने जरूर संबंध जोडावा. नव्या हैदराबादेत संगणक कंपन्यांच्या भागात राहणारे हजारो मराठी तरुण आहेत आणि जुन्या भागातील या संस्थांना वर्गणीपेक्षाही तरुण सभासदांची गरज अधिक आहे.

आपण बँकेत होतात, म्हणून आणखी एक स्थळ सांगतो. आपल्याकडे जिला सगळे ‘हैदराबाद बँक’ म्हणत, ती १९४१ मध्ये स्थापन झालेली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झालेली बँक. तिचे मुख्य कार्यालय गनफाउंड्रीला होते आणि ते कोठीपासून फार लांब नाही. जाताना काचिगुडा स्थानकावर उतरलात तर बाहेर येऊन मागे वळून इमारतीकडे पाहावे. उच्च न्यायालयाचा आराखडा करणाऱ्या एश यांनीच ती १९१६ मध्ये उभारली. नांदेड, परभणी, जालना आणि संभाजीनगरच्या गाड्या आजही दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद मुख्यालयातून चालतात आणि मनमाडकडून येणाऱ्या त्या जुन्या मार्गाने रात्री निघालेला परभणीकडचा प्रवासी सकाळी काचिगुड्याला पोहोचतो. तेथून सुलतान बाजारला रिक्षाने थोडाच वेळ लागतो. रविवारी मात्र संस्थांची कार्यालये उघडी असतील याची आधी दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी.